समुद्र हो म्हणाला तेव्हा

वैजयंती हळबे यांनी ही सफर निवडली ती सातखडप बेटावर आपल्याला उतरता येणार नाही म्हणूनच. जहाज कंपनीच्या माहितीपत्रकात तसं स्वच्छ छापलं होतं: व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशांना सातखडप येथे उतरता येणार नाही, त्यांनी डेकवरून बेटाचं दर्शन घ्यावं. दुसऱ्या कुणी हे वाक्य वाचून कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं असतं. वैजयंतीबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि समाधानाने मैत्रिणीला फोन लावला. "चौगुलेबाई, करा बुकिंग."

वैजयंतीबाई सदुसष्ट वर्षांच्या. जन्म सांगलीतला, सारं आयुष्यही तिथलंच. दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला तेव्हापासून पायांनी साथ सोडली होती, आणि पुढे गणिताचे क्लास घेऊन त्यांनी अर्ध्या गावाला बीजगणित शिकवलं होतं. खुर्चीबद्दल त्यांना फार काही वाटत नसे. चष्म्याबद्दल माणसाला वाटतं तेवढंच. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्या समोरच्याला वर्गसमीकरण घालत.

त्यांची धाकटी बहीण यामिनी लग्न होऊन सातखडपला गेली. तिचा नवरा दीपगृह खात्यात होता. निवृत्तीनंतरही तो बेटावरच राहिला, नवरा-बायकोनं समुद्रशेवाळाची शेती केली, येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांना जेवण घालायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी तो गेला. यामिनी मात्र तिथेच राहिली.

दर रविवारी बहिणींचा फोन होई, आणि तो संपताना दोन वाक्यं ठरलेली असत. यामिनी म्हणे, "अक्का, तुला केव्हाच बोलावलं असतं गं, पण इथं खुर्ची उतरणार कशी?" वैजयंतीबाई म्हणत, "मी तरी केव्हाच आले असते की. पण समुद्रापुढे कुणाचं चालतं?" बेटाला धक्का नव्हता. खडकात कोरलेल्या पायऱ्या होत्या, आणि होडी लाटेवर वर आली की नेमकी त्या क्षणी पायरीवर उडी मारायची, अशी तिथली रीत. उडी मारता येणाऱ्यांचेही गुडघे तिथे फुटत.

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण दुसऱ्याला हसण्यासाठी वापरतो. पण अंगण खरोखरीच वाकडं असलं की काय सोय होते ते ज्याचं त्याला ठाऊक! नाच येतो की नाही हा प्रश्नच उरत नाही. हळबे भगिनींचं अंगण चांगलं अकरा सागरी मैल वाकडं होतं.

तरीही दोन वर्षं एक गोष्ट वैजयंतीबाईंना टोचत होती. यामिनीचा नवरा गेला तेव्हा त्या गेल्या नव्हत्या. लोकांनी विचारलं तर "समुद्र" एवढंच सांगायच्या आणि लोक मान हलवायचे. म्हणून ही सफर. पूर्वी गाडी आपल्या गावावरून जाणार असली की नातेवाईक स्टेशनवर डबा घेऊन यायचे. खिडकीतून हात हातात, डबा आत, "जेवलात का" आणि "जाऊन पत्र टाका" एवढ्यात शिट्टी. भेट झाल्याचं पुण्य मिळायचं आणि कुणाला कुणाकडे राहावंही लागायचं नाही. वैजयंतीबाईंचा बेत अगदी तसाच होता. जहाज बेटासमोर नांगर टाकेल, यामिनी होडीतून खाली येईल, वरून दोरीने भडंगाचा आणि बेदाण्यांचा डबा सोडायचा, हात हलवायचा, डोळे पुसायचे. दारापर्यंत आले होते हो, आणखी काय करणार!

जहाज निघाल्यावर दुसऱ्या सकाळी जहाजावरची प्रवासी अधिकारी तृप्ती नाबर त्यांच्या टेबलापाशी आली. मुलगी वेंगुर्ल्याची, हसतमुख, आणि चांगली बातमी पोटात न राहणाऱ्या जातीची.

"मॅडम, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे. उद्या सातखडपला तुम्ही उतरू शकता!"

चौगुलेबाईंनी टाळी वाजवली. वैजयंतीबाईंच्या हातातला उपम्याचा चमचा होता तिथेच थांबला.

"पण माहितीपत्रकात तर..."

"ते जुनं हो. गेल्या महिन्यात आपल्या होड्यांवर शांतवेध यंत्र बसवलं ना. तुम्ही पहिल्याच असाल सातखडपला खुर्चीतून उतरणाऱ्या!"

"अहो, बोला की काहीतरी," चौगुलेबाई म्हणाल्या. "आनंदानं वाचाच बसली बघा त्यांची."

चौगुलेबाई त्यांच्या शेजारी राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मनाने चांगल्या, आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला विचारण्याआधी जाहीर करून टाकणाऱ्या. वैजयंतीबाईंनी फक्त पाणी मागितलं.

दुपारी नाबरने त्यांना यंत्र दाखवलं. चौगुलेबाई सोबत होत्याच.

समुद्र आपल्याला मनाला येईल तसा हलताना दिसतो, पण तो तसा लहरी नाही. एका जागी जी लाट दिसते ती पुष्कळ लाटांची बेरीज असते. काही लाटा दूरच्या कुठल्याशा वादळातून निघून दोन दिवस प्रवास करून आलेल्या असतात, लांबलचक. काही आत्ताच्या वाऱ्याने उठवलेल्या, आखूड. खोल पाण्यात लांब लाट वेगात जाते, आखूड लाट सावकाश, आणि हा हिशेब पक्का आहे. तेव्हा बेरजेतून एकेक लाट सुटी करता आली, तर पुढच्या मिनिटात त्यांची बेरीज कुठे काय होईल हे आधी सांगता येतं. शांतवेध तेच करतं. जहाजाच्या आणि होडीच्या माथ्यावरून लेझरचे किरण सभोवतालचं पाणी सतत चाचपत असतात, आणि संगणक अजून न आलेला समुद्र पडद्यावर मांडून ठेवतो. त्या मिनिटात कुठेतरी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो, लाटा एकमेकींना खोडून टाकतात, आणि समुद्र काही क्षण दम खातो. तो क्षण येण्याआधीच यंत्राला कळलेला असतो. पडद्यावरची लाल रेषा हिरवी होते.

उरलेलं काम पुलाचं. होडीच्या नाकावर सहा पायांवर उभा असलेला एक छोटा पूल. होडी जेवढी वर जाईल तेवढे पाय आखडतात, ती डावीकडे कलली तर उजवीकडे झुकतात. कोंबडी हातात धरून हात हलवला तरी तिचं डोकं हवेत जागच्या जागी राहतं, तसं पुलाचं टोक खडकाला टेकून राहतं. खाली होडी वाटेल तशी नाचो.

"आणि खुर्ची?" वैजयंतीबाईंनी विचारलं. त्यांना यात काहीतरी चूक सापडायला हवी होती.

"खुर्ची तर सगळ्यात सोपी. वजन माहीत, चाकं माहीत, वेग आपल्या हातात. ती पुलावर आपोआप जाते. कुणी धरायचं नाही, ढकलायचं नाही. धरलं की गणित बिघडतं." नाबर हसली. "खरा त्रास चालणाऱ्यांचा. कोण कधी अडखळेल ते यंत्राला सांगता येत नाही."

वैजयंतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. गणित बरोबर होतं. आयुष्यभर ज्या विषयावर त्यांनी विश्वास टाकला त्यानेच आज त्यांना तोंडघशी पाडलं होतं.

चालणाऱ्यांची चाचणी तिथेच होती. एका हलत्या फळीवरून चालून दाखवायचं. चौगुलेबाई पदर खोचून उत्साहाने चढल्या. त्यांचा एक गुडघा बदललेला आणि दुसरा बदलायला आलेला. फळीच्या मध्यावर त्यांनी नाबरचा दंड पकडला. पडद्यावर लाल रेषा उमटली आणि ती हिरवी व्हायचं नाव घेईना.

"सॉरी मॅडम. चालत नाही नेता येणार. पण जहाजावरची खुर्ची देते की. बसून आरामात जाल."

"खुर्चीत?" चौगुलेबाई फणकारल्या. "मी काय अपंग आहे?"

आणि मग त्यांना आपण कुणाच्या शेजारी उभ्या आहोत ते आठवलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या त्या. वैजयंतीबाईंना मात्र हसू आलं. एकतर इतक्या वर्षांत शेजारणीच्या मनातलं पहिल्यांदाच खरं ऐकायला मिळालं होतं, आणि दुसरं म्हणजे पायांवर चालणारी बाई जहाजावर राहणार आणि खुर्चीतली उतरणार, हा न्याय त्यांना ऐकायला तरी मजेदार वाटला. हसू ओसरल्यावर ध्यानात आलं की आपल्याला एकटीलाच जावं लागणार.

संध्याकाळी त्यांनी यामिनीला फोन केला.

"यामे, अगं, उद्या मला उतरता येतंय म्हणे."

पलीकडून भांड्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आला.

"म्हणजे... खाली? इथं?"

"हो. काहीतरी नवीन यंत्र आहे."

"बघ की," यामिनी म्हणाली. "लाटा बऱ्याच आहेत पण. तुला झेपेल का?"

"यंत्र म्हणतं झेपेल."

"बरं." नळ पुन्हा सुरू झाला. "जेवायला काय करू?"

वैजयंतीबाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांना बहिणीचा राग आला. येऊ नको असं सरळ म्हणाली असती तर सुटले असते, असं त्यांच्या मनात आलं. मग, आपण तरी येत नाही असं कुठे म्हणालो, असंही आलं. चक्कर येते म्हणून सांगता आलं असतं. पण जहाजावर डॉक्टर होता, आणि तोही नाबरसारखाच उत्साही निघाला तर पंचाईत.

सकाळी दहाच्या सुमारास त्या होडीत होत्या. सातखडप समोर काळं, ओलं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा लहान. पायऱ्यांच्या वर एक बाई उभी होती. केस पांढरे, पातळ कमरेला खोचलेलं, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. यामिनी लहानपणीही अशीच उभी राही, रागावली की आणि घाबरली की.

होडी जोरात वर-खाली होत होती. पूल पुढे सरकला, पायऱ्यांच्या वर सपाट खडकाला टेकला, आणि त्याचं टोक गप्प झालं. नाबरने खुर्चीची चाकं रुळात बसवली आणि दोन्ही हात वर करून मागे सरली, जणू पोलिसांनी हात वर करायला सांगितलंय.

"आता तुम्ही आणि समुद्र, मॅडम."

पडदा लाल होता. वैजयंतीबाई वाट पाहत राहिल्या. खरं सांगायचं तर त्या प्रार्थना करत होत्या, की तो लालच राहू दे. एक मोठी लाट आली, मग दुसरी, आणि मग समुद्राने दम खाल्ला. रेषा हिरवी झाली. खुर्ची निघाली.

तो प्रवास श्वासभराचा होता, पण वैजयंतीबाईंना तो फार आवडला हे इथे नमूद करायला हवं, कारण त्यांनी नंतर ते कुणाजवळ कबूल केलं नाही. आजवर पायरी आली की कुणाचा तरी हात यायचा. काखेत, कमरेत, कधी नको तिथे. सोबत कुणाचा तरी घामाचा वास आणि "हां, आता जरा जोर लावा" असं काहीतरी. आज खाली खवळलेलं पाणी होतं आणि अंगावर कुणाचाही हात नव्हता.

खुर्ची खडकावर आली. यामिनी पुढे झाली, हात लांबवला, आणि मग कुठे लावावा ते न कळून मागे घेतला.

"आलीस."

"आले."

यामिनीच्या घराला पुढून तीन उंच पायऱ्या होत्या. मागच्या बाजूला शेवाळाच्या हातगाड्या चढवण्यासाठी सिमेंटचा उतार होता. "मागनं ये, अक्का," यामिनी म्हणाली आणि ओशाळून पुढे चालू लागली. वैजयंतीबाई बहिणीच्या घरात पहिल्यांदाच शिरल्या त्या गोदामाच्या दाराने, वाळत घातलेल्या शेवाळाच्या खारट वासातून.

टेबलावर ताट वाढलेलं होतं. डाळिंब्यांची उसळ, भरली वांगी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, शेवयांची खीर, वर पुरी. वैजयंतीबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि भाज्या मोजल्या. घरच्या माणसाला कुणी तीन-तीन भाज्या करत नाही.

भिंतीवर मेहुण्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. वैजयंतीबाईंनी त्याला नमस्कार केला. दोघी जेवू लागल्या. सांगलीतला रस्ता आता केवढा झाला, बेदाण्याला भाव कसा आहे, शेवाळापासून आता पिशव्यासुद्धा करतात, असं बोलणं झालं. सगळी वाक्यं रविवारची होती. संपताना म्हणायची ती दोन तेवढी आज कामाची राहिली नव्हती, आणि ती नसल्यामुळे बोलणं थांबवायचं कसं हे दोघींनाही कळेना.

"खीर घे की अजून."

"नको. यामे, मी भाऊजी गेले तेव्हा आले नाही."

"समुद्र होता," यामिनी चटकन म्हणाली.

"होय ना. समुद्र होता."

यामिनीने वाटी खाली ठेवली.

"डिसेंबर होता अक्का. समुद्र ताटासारखा सपाट होता. बेटावरची चार पोरं खुर्चीसकट तुला उचलून आणायला तयार होती. माझ्याकडे येऊन म्हणाली पण, काकी, मोठ्या मावशीला आणायचं काय? मी नको म्हटलं. तुला विचारलंसुद्धा नाही."

"का?"

"तू हो म्हणशील म्हणून."

वैजयंतीबाईंना हे लागलं. चांगलंच लागलं. पण त्याच्या खाली, का कोण जाणे, हायसंही वाटलं. फोड फुटला की वाटतं तसं.

"मी हो म्हटलं नसतं," त्या म्हणाल्या. "चार माणसांनी उचलून आणलेली बाई दुखवट्याला? लोकांनी तुला सोडलं असतं आणि माझ्याकडे बघत बसले असते. चार माणसं मिळतील हे मला माहीत होतं. कुठेही मिळतात. समुद्राचं नाव घेतलं की त्यांना नको म्हणावं लागत नाही."

"मग आज कशाला आलीस?"

"आज नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही."

यामिनी हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि ते तिने पदराने न पुसता तसेच राहू दिले.

"मलाही सुचलं नाही बघ. रात्रभर विचार केला. लाटा आहेत म्हणू, पाहुणे आहेत म्हणू... तू आलीस की मी पुन्हा चौदा वर्षांची होते. खरंच. आत्ता तू पुलावर दिसलीस आणि माझी पाठ दुखायला लागली."

हे कशाबद्दल आहे ते दोघींनाही ठाऊक होतं. वडील शाळामास्तर, घरात रिक्षाचे पैसे नव्हते, आणि यामिनी अंगाने दणकट. पहिलीपासून तिने थोरल्या बहिणीला पाठीवर बसवून शाळेत नेलं. दोन दप्तरं पुढे गळ्यात, अक्का मागे. पुढे ती खो-खोच्या संघात निवडली गेली. सराव शाळा सुटल्यावर असायचा. एक दिवस कालव्याच्या पुलावर तिने अक्काला कठड्यावर उतरवलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी नाही नेणार. मी दमले." वडिलांनी कुठूनशी तीनचाकी सायकल मिळवली. वैजयंती "बरं" म्हणाली. त्या विषयावर त्यानंतर घरात कुणी बोललं नाही.

"एकदाच नाही म्हणाले गं मी," यामिनी म्हणाली. "साऱ्या जन्मात एकदा."

"तेवढं पुरलं."

"म्हणजे राग आहेच."

"आहेच की. तू नेणार नाहीस याचा नव्हता. दमलीस हे मला आधी कळलं नाही याचा होता. मी पाठीवर बसून पाढे म्हणत होते, आणि तू..." वैजयंतीबाईंनी नाक पुसलं. "त्या दिवसापासून मला कुणाच्याच पाठीवर बसवत नाही. तुझ्याकडे पाहुणी म्हणून यायचं होतं, यामे. ओझं म्हणून नाही. आणि पाहुणी म्हणून येण्याची सोय नव्हती."

"आणि आता झाली सोय तर तू पाहुण्यासारखी बसलीयेस. खीर नको म्हणतेस."

"तूच तीन भाज्या केल्यास!"

यावर दोघी मनापासून हसल्या. नंतर यामिनीने दोन्ही ताटं उचलली, पुऱ्या बाजूला ठेवल्या आणि चहा टाकला. चहा फुळकवणी होता. यामिनीला चहा कधीच जमला नाही, हे वैजयंतीबाईंनी तिला सांगितलं.

साडेतीनच्या सुमारास नाबरचा फोन आला. यामिनीला ऐकू जावं म्हणून वैजयंतीबाईंनी आवाज मोठा केला.

"मॅडम, होडी पायरीशी लागली आहे. पाऊण तास तरी रेषा मधून मधून हिरवी राहील, काही घाई नाही. पाचनंतर जरा लांब लाटा येताहेत, तेव्हा त्याच्या आत निघू या."

"आणि नाही निघाले तर?"

"तर आम्ही परतीच्या वाटेवर इथे येऊ तेव्हाच. चार दिवसांनी. पण निघू की आपण, आरामात."

वैजयंतीबाईंनी फोनवर हात ठेवला. यामिनी कपबश्या विसळत होती. पाठ करूनच ती म्हणाली, "सांग की त्यांना. लाटा मोठ्या आहेत म्हणावं. भीती वाटतेय, चार दिवसांनी येते."

"लाटा मोठ्या नाहीत."

"होतील की पाचनंतर. समुद्राचा काय भरवसा."

"यामे, समुद्राचा आता पाऊण तासाचा तरी भरवसा आहे. रेषा हिरवी आहे. मी अशी उठून... म्हणजे अशी निघून जाऊ शकते. राहा म्हणायचं असलं तर राहा म्हण. नसलं तर मी जाते, आणि रविवारी फोन करते. त्यातही काही वाईट नाही."

यामिनीने नळ बंद केला. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, हात दोन्ही पाठीमागे, त्यांतून पाणी ठिबकत. वैजयंतीबाईंना वाटलं, ही नाही म्हणणार. आणि असंही वाटलं की नाही म्हणाली तरी आज ते ऐकून घेता येईल. जड जाईल, पण घेता येईल. त्या वाट पाहत राहिल्या.

"मोरीचं दार अरुंद आहे," यामिनी शेवटी म्हणाली.

"हे उत्तर नाही."

"माहितीय." ती वळली. "दार काढून टाकते. पडदा लावू. राहा." आणि मग बोट उभं करून, "चारच दिवस हं. पाचवा दिवस नाही. मी आता म्हातारी झालेय, मला एकटीनं राहायची सवय आहे, आणि तू फार बोलतेस."

"पाचवा मलाही नको. तुझा चहा चार दिवसच झेपेल."

यामिनी दाराचे स्क्रू काढायचा पेचकस शोधायला गोदामात गेली. वैजयंतीबाईंनी फोनवरचा हात काढला.

"नाबर, मी येत नाही. चौगुलेबाईंना सांगा, पाचच्या आतल्या होडीबरोबर माझ्या गोळ्या आणि दोन साड्या पाठवा. आणि म्हणावं, मी रागावलेली नाही."

"पण मॅडम," नाबर गोंधळली, "तब्येत बरी आहे ना? खुर्चीत काही बिघाड?"

"दोन्ही ठणठणीत."

"पुलाची भीती वाटली का? तसं असेल तर आम्ही काही करू शकतो. रेषा अगदी हिरवी आहे बघा. आजवर हिरव्या रेषेला कुणी नाही म्हटलेलं नाही. यंत्राला कारण द्यावं लागेल मला. काय सांगू?"

गोदामात काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला, आणि यामिनीने त्या वस्तूला अस्सल सांगलीची एक शिवी हासडली.

"सांगा," वैजयंतीबाई म्हणाल्या, "बहीण राहा म्हणाली."